धाकटीच्या कादंबरीचं नाव

लोकांना नावं ठेवणारे गल्लोगल्ली सापडतात. पुस्तकाला नाव ठेवता येणारं माणूस मात्र त्या अख्ख्या प्रकाशनात एकच होतं, आणि ते जिन्याखालच्या टेबलाशी बसायचं. सगळे त्यांना प्रूफवाल्या बाई म्हणत. काम प्रुफं तपासण्याचं: ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, सुटलेली ओळ शोधायची, समासात लाल शाईने खुणा करायच्या. नावं सुचवणं हे त्यांचं काम नव्हतं. पण लेखक मंडळी आत मालकांशी बोलून झालं की जाता जाता जिन्याखाली थबकायची आणि ओशाळं हसून विचारायची, "बाई, नावाचं काही जमतंय का बघा ना."

एका निवृत्त इंजिनिअरने 'दांपत्यजीवनाचे अंतरंग' असं नाव देऊन कादंबरी आणली होती. बाईंनी ती वाचली आणि एकशे बाराव्या पानावर बोट ठेवलं. त्यातली बायको घरातून निघताना दर वेळी अर्ध्या जिन्यात थांबून विचारते, "गॅस बंद केला का?" बाई म्हणाल्या, "हेच नाव." इंजिनिअर भडकले, दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी कबूल झाले. त्या पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या.

"नाव बाहेरून आणायचं नसतं," बाई सांगायच्या. "ते पुस्तकातच कुठेतरी सांडलेलं असतं. लिहिणाऱ्याचा पाय त्याच्यावर असतो म्हणून त्याला दिसत नाही."

बाईंना एक धाकटी बहीण होती. घरी तिला चिंगी म्हणत. शाळेत गणित शिकवून केस पांढरे झाले तरी बाईंसाठी ती चिंगीच राहिली. लग्न केलं नाही. बाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती. बाईंचे यजमान गेल्यावर दर रविवारी ती जेवायला यायची. एक अक्षरांची, एक आकड्यांची. एकमेकींची चेष्टा करत दोघींची दुपार जायची. एका गोष्टीबद्दल मात्र त्या सव्वीस वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. बाईंना एक मुलगा होता. सव्वीस वर्षांपूर्वी, आठ वर्षांचा असताना, तो तापाने गेला.

त्या दिवशी त्याला धाकटीपाशी ठेवून बाई कामावर गेल्या होत्या. संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा पोर शुद्धीवर नव्हतं. ताप मेंदूत गेला होता. दवाखान्यात नेलं, रात्र काही निघाली नाही. त्यानंतर बाईंनी धाकटीला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लोक म्हणायचे, केवढं मन मोठं! बोल लावला नाही हे खरं, पण "तुझी चूक नव्हती गं" असंही त्या कधी म्हणाल्या नाहीत.

एका रविवारी जेवण झाल्यावर धाकटीने पिशवीतून पुठ्ठ्याची जाड फाइल काढली आणि ओट्यावर ठेवली.

"हे काय? दहावीचे पेपर?" बाईंनी विचारलं.

"कादंबरी आहे." धाकटीचे कान लाल झाले होते. "सहा वर्षं लिहितेय. ताई, जगाला नावं देतेस, मला एक दे. मी अकरा काढली आणि अकराही खोडली."

बाईंना इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. गणिताची बाई कादंबरी लिहिते! त्यांनी त्याच संध्याकाळी चष्मा लावून वाचायला घेतलं.

कादंबरीतला माणूस चौतीस वर्षांचा होता. लिफ्ट दुरुस्त करायचा. केस मागे सरकून अर्धं टक्कल पडलेलं, घोरायचा, आईशी औषधांवरून भांडायचा. वाचताना बाईंना गंमत वाटत होती. चाळिसाव्या पानावर तो घाईघाईत शर्ट घालतो आणि त्याचं एक बटण खालच्या काजात जातं, नेहमीसारखं. मग तो जिना उतरतो, पायऱ्या मोठ्याने मोजत, आणि नऊ विसरून आठावरून थेट दहावर उडी मारतो.

बाईंचा हात तिथेच थांबला. असं बटण लावणारं आणि नऊ गाळणारं पोर जगात एकच होतं.

पुढचं पान त्यांनी उलटलं नाही. फाइल बांधली आणि तशाच दोन गल्ल्या ओलांडून, तीन मजले चढून गेल्या. धाकटीने दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलीसारखी भीती होती.

"माझं पोर तू कुणाला विचारून घेतलंस?" बाई म्हणाल्या.

"ताई, आधी सगळं वाच—"

"त्याला टक्कल पाडलंस? त्याला माझ्याशी भांडायला लावलंस? एवढी हौस होती तर स्वतःचं का नाही काढलंस एखादं?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि माघारी बोलावता आलं नाही. धाकटीने फाइल घेतली, छातीशी धरली. "बरं," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढचे सात महिने रविवारी ती आली नाही. बाईही गेल्या नाहीत. भाजीच्या दुकानात एकदा समोरासमोर आल्या. धाकटीने मान खाली घातली, बाईंनी टोमॅटो निवडायला घेतले. मनात रोज यायचं की जावं, पण राग असा की पायात पाय घालून बसलेला. उद्या जाऊ, असं म्हणता म्हणता हिवाळा गेला.

मग एका सकाळी शाळेतून फोन आला. फळ्यावर गणित सोडवता सोडवता धाकटी कोसळली होती.

उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं, "त्यांना कळतं, पण किती ते सांगता येणार नाही. शब्द उलटसुलट येतील. हो म्हणायचं असेल तिथे नाही म्हणतील. तेव्हा त्या जे बोलतील त्यावर फार विसंबू नका."

कपडे आणायला म्हणून बाई तिच्या खोलीवर गेल्या. टेबलावर फाइल होती. वर एक कागद. त्यावर गणिताच्या वहीत असतात तसे आकडे घालून अकरा नावं, प्रत्येकावर पट्टीने ओढलेली सरळ रेघ. काही मुलावर होती, काही आईवर. बाईंनी कपड्यांबरोबर फाइलही पिशवीत घातली आणि धाकटीच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून चार दिवसांत ती वाचून काढली.

ती दुपार एकशे त्रेसष्टाव्या पानावर होती. अंथरुणावर तापलेलं पोर, खिडकीला लावलेली चादर, उशाशी बसलेली मावशी. घड्याळात अडीच वाजलेत. मावशी पोराच्या मानेखाली हात घालते, ती मान तिला ताठ लागते. आणि मग एक साधं वाक्य होतं. *मावशी उठली.* उठून तिने पोराला चादरीत गुंडाळलं, उचललं आणि चपला न घालता रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पुढची सगळी सव्वीस वर्षं, लिफ्ट, टक्कल, भांडणं, त्या एका वाक्यातून निघाली होती.

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. सुटलेली ओळ शोधणं हा त्यांचा धंदाच होता, आणि त्या पानातून काय सुटलंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

फोन सुटला होता.

त्या दिवशी दोन वाजता धाकटीने कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रकाशनात फोन केला होता. "ताई, ताप उतरत नाहीये. पोरगं मान दुखते म्हणतंय. डॉक्टरांकडे नेऊ का?" आत मालकांच्या खोलीत एक लेखक बसला होता. पुस्तकाचं नाव ठरत नव्हतं, आणि बाईंना पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, तुम्हाला काय वाटतं? बाई फोनवर म्हणाल्या होत्या, "अगं, गोळी दे आणि झोपव. उगीच उन्हात घेऊन हिंडू नकोस. मी पाचपर्यंत येतेच." मग आत जाऊन त्यांनी नाव सुचवलं, ते सगळ्यांना पसंत पडलं.

धाकटीने सांगितल्याप्रमाणे गोळी दिली होती आणि त्याला झोपवलं होतं.

हे फक्त दोघींनाच ठाऊक होतं. सहा वर्षं बसून तिने तीनशे पानं लिहिली, आणि त्यात तो फोन लिहिला नाही. सगळा भार एकट्या मावशीवर टाकला: उठली तर पोर वाचतं, नाही उठली तर नाही. बहिणीला तिने कादंबरीतही त्या खोलीत येऊ दिलं नव्हतं.

बाईंनी फाइल मिटली आणि स्टूल खाटेला भिडवलं.

"चिंगे," त्या म्हणाल्या, "ऐकतेस ना? फोनवर गोळी दे म्हणाले ते मी. नेऊ का म्हणून तू विचारलं होतंस. तू विचारलं होतंस गं. मी नको म्हणाले."

धाकटीचे डोळे त्यांच्याकडे वळले.

"तुझी काही चूक नव्हती. सव्वीस वर्षं मी तुला हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मग माझी चूक होती असं म्हणावं लागलं असतं. म्हणून गप्प बसले. तू माझ्या घरी जेवायला येत राहिलीस, आणि मी गप्प बसले."

धाकटीचा डावा हात चादरीवर हलला. बाईंनी तो धरला.

"तुझ्या कादंबरीचं नाव सापडलंय. 'मावशी उठली'. ठेवू?"

धाकटीचा चेहरा एका बाजूने आक्रसला. डोळ्यांतून पाण्याची धार लागली. "नको," ती म्हणाली. त्या आजारात तिच्या तोंडून निघालेला तो पहिला स्पष्ट शब्द होता. "नको नको नको." आणि म्हणताना ती जोरजोराने मान डोलवत होती, हो म्हणताना डोलवतात तशी, आणि बाईंचा हात तिने असा घट्ट धरला होता की नखं रुतली.

"नको म्हणतेस की हो म्हणतेस?" बाईंनी विचारलं. "चिंगे, एकदा सांग. हो असेल तर हात दाब."

हात तर दाबलेलाच होता. तो सैल होईना.

पुढच्या दिवसांत बाईंनी परोपरीने विचारून पाहिलं. पाटी आणली, डाव्या हातात खडू दिला. तिने एक आडवी रेघ ओढली. ती पट्टीने खोडल्यासारखी रेघ होती की अक्षराची शिरोरेघ, ते बाईंना कळलं नाही. अकराव्या दिवशी पहाटे दुसरा झटका आला आणि धाकटी गेली.

मालकांनी छापायला लगेच होकार दिला, पण नावापाशी अडले. "बाई, 'मावशी उठली' हे काय नाव झालं? लोक म्हणतील, उठली तर उठली, आम्ही काय करू?"

"हेच ठेवा," बाई म्हणाल्या.

"लेखिकेला पसंत होतं का?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. मालकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेच नाव लिहून घेतलं.

पुस्तक निघालं. फार गाजलं नाही, पण वाचणाऱ्यांनी मनापासून वाचलं. लेखक मंडळी जिन्याखाली अजून थबकायची. बाई प्रुफं तपासून द्यायच्या, पण नावाचं विचारलं की मान हलवायच्या. "ते आता सुचत नाही," म्हणायच्या.

काही महिन्यांनी कचेरीत एका अनोळखी बाईचा फोन आला. मालकांनी रिसीव्हर पुढे केला. पलीकडची बाई म्हातारी असावी, आवाज कापत होता. "ती कादंबरी खरी आहे हो? म्हणजे, तो मुलगा खरंच वाचला का? आता कुठे असतो?"

बाईंनी समोरच्या प्रुफावरची लाल शाईची खूण पाहिली. कचेरीत कुणीतरी पंखा वाढवला, कागद फडफडले, त्यांनी त्यावर हात ठेवला.

"असतो," बाई म्हणाल्या. "लिफ्ट दुरुस्त करतो. घरी आला की भांडतो माझ्याशी."

"देव बरं करो त्याचं," पलीकडची बाई म्हणाली. "आणि मावशी कशा आहेत?"

बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला आणि प्रुफाच्या समासात लाल शाईने सुटलेल्या ओळीची खूण केली.