न उघडलेला गवारीचा डबा

तीन दिवस गच्चीवर तळणीसाठी गवार वाळतेय. चार किलो शेंगांची टोकं मोडली, मीठ घातलेल्या ताकात भिजवल्या, जुन्या साडीवर पसरल्या. सोलापूरचं ऊन, चप्पल घालूनही पाय भाजतात.

आज सकाळी शेंगा उलटत असताना पुण्याहून लेकीचा फोन आला. स्पीकरवर ठेवून म्हटलं, "यंदा जरा जास्त पाठवते."

"आई, रागावू नकोस. मागच्या वर्षीचा डबा अजून उघडलाच नाही. आम्ही तळलेलं खातच नाही गं आता."

शेजारच्या शकुंतलाबाई ऐकत होत्या. "बरं झालं की! लई राबलाय, बसा आता निवांत."

मला राग आला नाही. कंबर किती दुखतेय, ते मात्र एकदम जाणवलं.

माझी आईही असाच डबा पाठवायची. मी तो शेजारीपाजारी वाटून टाकायचे आणि फोनवर सांगायचे, "कधीच संपला." ती खूश व्हायची आणि पुढच्या वर्षी आणखी करायची. गुडघे धरून गच्चीचा जिना चढायची. शेवटच्या वर्षी तिनं दोन डबे पाठवले.

तुमच्याकडेही असा डबा असेल, तर आज खरं सांगाल का?