सहाणेच्या चार कोपऱ्यांवर चार माईक

पालीच्या स्टॉपवर कोल्हापूरकडे जाणारी एसटी थांबली तेव्हा माझ्या डोक्यात सात टाके होते, त्यावर आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी होती आणि खांद्यावर माझी सगळी यंत्रं भरलेली सॅक होती. आई रडत नव्हती. ती रागानं डबा भरून आली होती आणि रागानंच तो माझ्या हातात कोंबत होती. बाबा चार पावलं मागं उभे. गाडी हलायच्या आधी ते पुढं आले आणि म्हणाले, "पोचलास की फोन कर. येऊ नको."

कंडक्टरनं तिकीट फाडताना डोक्याकडे पाहून विचारलं, "काय झालं?"

"शिमगा," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली, शिमगा हा ताप-खोकल्यासारखा एखादा आजार असावा तशी, आणि पुढच्या सीटकडे गेला.

त्याच वेळी माझा सख्खा मोठा भाऊ, दादा, रत्नागिरीच्या इस्पितळात पडला होता. त्याच्या डाव्या कानातून दोन दिवस रक्त येत होतं. मी बंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायला निघालो होतो. तुमच्यापैकी बरेचजण असेच बाहेर पडलात, पण आपल्या मागे दोन वाड्या पेटवून निघालेला बहुधा मी एकटाच.

पेटवलं कसं ते सांगतो, कारण गावात त्याच्या अनेक आवृत्त्या फिरतात आणि प्रत्येकीत मी उगाच थोडा हुशार दिसतो.

बंगळुरूच्या त्या कंपनीत शहरांचे आवाज बनवणारं सॉफ्टवेअर लिहायचं काम होतं. रिक्षा, कुत्री, भाजीवाला, पोलिसांची शिट्टी असे हजारो तुकडे साठवायचे आणि मग सॉफ्टवेअरनं फासे टाकायचे. कुठला आवाज, किती लांबून, ऐकणाऱ्याच्या कुठल्या बाजूनं, सगळं फाशांवर. खोलीभर स्पीकर लावले की मधोमध बसलेल्या माणसाला वाटतं, आपण चौकात उभे आहोत. एकच चौक, पण दर वेळी वेगळा. व्हिडिओ गेमवाल्यांना हे लागतं, पोलिसांना दंगलीची तालीम करायलाही लागतं. रुजू होण्याआधी त्यांनी सांगितलं होतं की स्वतःचं एखादं रेकॉर्डिंग घेऊन या. मी म्हटलं, आमच्या पालखीइतका चहूबाजूंनी येणारा आवाज यांनी जन्मात ऐकला नसेल.

ज्या जांभ्याच्या चौथऱ्यावर पालखी बसते ती आमच्या वरच्या वाडीची सहाण. तिच्यावरच्या मांडवाच्या चार खांबांना मी चार माईक बांधले. ते उंच अडकवायला एक अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ दांडा आणला होता, तो हातातच राहिला. पालखी आली, ढोल लागले, दादा आणि तात्या, म्हणजे माझे चुलते, पालखी खांद्यावर घेऊन नाचायला लागले. आणि नेमकी एक मोटारसायकल गुरगुरत गेली. मी हात वर करून म्हटलं, "परत घेऊ." दुसऱ्यांदा तात्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. तिसऱ्यांदा एका काकूला शिंकांची उबळ आली. चौथ्यांदा सगळं ठीक होतं, पण मला ताशा जरा दबलेला वाटला.

आमच्याकडे पालखी कुठल्या वाडीत किती वेळ थांबणार हे आधी ठरलेलं असतं. त्यात कोणी काटछाट करत नाही, तशी कोणी भरही घालत नाही. खालच्या वाडीच्या बायका आरत्या घेऊन उन्हात पऱ्याच्या, म्हणजे दोन वाड्यांमधल्या ओढ्याच्या, काठावर उभ्या होत्या आणि वरून त्यांना चार वेळा ढोल नव्यानं सुरू झालेला ऐकू आला. त्यांना माईक दिसत नव्हते. त्यांना एवढंच कळत होतं की वरचे आपल्याला मुद्दाम ताटकळवतायत. पाचव्यांदा ढोल लागला तसे त्यांचे पुरुष वर चढून आले. पुढं विलास होता. दोहाला क्रेन चालवायचा, सुट्टीवर आलेला, जायला आठवडा राहिला होता.

"पालखी काय तुमच्या आवशीनं आंदण आणलेली हाय?" त्यानं विचारलं.

"आणली असंल. तुज्या बापाला इच्यार जा," तात्या म्हणाले.

त्यानंतर बोलणं फार झालं नाही. विलास दादाच्या अंगावर धावला, "आज तुला आडवाच करतो" म्हणत. ढोलाच्या काठ्या माणसांवर वाजायला लागल्या. कुंपणाच्या गडग्याचे चिरे उपटले गेले. एकाचा पुढचा दात माझ्या पायाशी येऊन पडला. गुरव पालखीवर आडवा पडून तिला कवटाळून होता आणि त्याच्या पाठीत लाथा बसत होत्या. कोणीतरी मांडवाचा खांब धरून हलवला, मला माझा माईक पडताना दिसला, मी डोळे मिटून मधे घुसलो, आणि मग माझ्या डोक्यात काहीतरी बसलं. शुद्ध आली तेव्हा दादा कान धरून जमिनीवर बसला होता आणि एकच नाव घेत होता. विलास.

केस झाली. दादाचा कान कायमचा गेला. विलासला केस चालू असेपर्यंत पोलिसांचा दाखला मिळेना, दाखल्याशिवाय व्हिसा मिळेना. दोहाची नोकरी गेली. तो रत्नागिरीत रिक्षा चालवायला लागला. पालखी पऱ्या ओलांडायची बंद झाली आणि दोन वाड्या एकमेकांच्या लग्नामयताला जाईनाशा झाल्या. मी बंगळुरूत माझे केस भांगाकडून बाजूला करून टाक्यांची खूण दाखवत असे आणि म्हणत असे, गावच्या मारामारीत भावाला वाचवताना लागलं.

कामात मी लवकरच वर चढलो, कारण मला हाणामारीचे आवाज करता यायचे. ओल्या गोणपाटात कच्चा फणस गुंडाळून त्यावर काठी घातली की माणसाची बरगडी मोडते. सुक्या नारळावर कोयता घातला की कवटी. गालफडासाठी मी गार झालेली घावनं एकावर एक रचून त्यावर चपला मारल्या आहेत. घरमालकीण खालून येऊन म्हणाली, नवराबायकोत भांडणं होतात, पण तुझं तर लग्नच झालेलं नाही. चुकाही भरपूर केल्या. ग्राहकांसमोर पहिल्यांदा सॉफ्टवेअर चालवलं तेव्हा फाशांनी भरधाव ट्रक मधल्या खुर्चीवरच्या साहेबांच्या बरोब्बर डोक्यातून नेला. साहेब टेबलाखाली गेले. दुसऱ्या वेळी दगडफेक ऐन भरात असताना वरून छपरातून कोंबडा आरवला. पण साहेबांना दंगल पसंत पडली. ती खरी वाटते, म्हणाले. खरी वाटणारच, तिच्यात मी आमच्या सहाणेवरच्या मारामारीचे तुकडे घातले होते. तात्यांच्या शिव्या जगभरच्या गेममध्ये वाजत होत्या. ते अख्खं रेकॉर्डिंग सलग ऐकायची मात्र मला कधी छाती झाली नाही.

पाच वर्षांनी आम्ही सॉफ्टवेअरला एक नवी गोष्ट शिकवली. चार माईकचं रेकॉर्डिंग दिलं की कुठला आवाज नेमका कुठल्या जागी झाला हे त्यानं शोधायचं. जवळच्या माईकला आवाज आधी पोचतो, लांबच्याला उशिरा, त्या फरकावरून पडद्यावर एक ठिपका उमटतो. तपासायला चार माईकचं, भरपूर गोंगाटाचं रेकॉर्डिंग हवं होतं. ते कोणाकडे होतं ते तुम्ही ओळखलं असेल.

मी अख्खी मारामारी पहिल्यांदा सलग ऐकली. पडद्यावर आमची सहाण आणि तिच्यावर ठिपके. दादाची किंकाळी एका ठिपक्यावर. त्याच्या निमिषभर आधी, त्याच ठिपक्यावर, 'टण्ण'. आणि त्या क्षणी विलासचा ठिपका समोरच्या कोपऱ्यात होता. आठ-दहा पावलं लांब, तात्यांशी आईबहिणीवरून बोलत होता. 'टण्ण'च्या किंचित आधी दादाच्या मागून माझा आवाज येत होता, "ए, माझा माईक."

बांबू असा वाजत नाही. ढोलाची काठी असा आवाज करत नाही. त्या दिवशी सहाणेवर पोकळ अ‍ॅल्युमिनियमची वस्तू एकच होती, आणि ती डोळे मिटून फिरवणारा माणूसही एकच होता.

मी शहाण्या माणसासारखं वागलो, म्हणजे सॉफ्टवेअरला दोष दिला. चुका शोधल्या. हवेचा वेग, उन्हाचा ताप, खांबांचं अंतर, सगळी गणितं नव्यानं मांडली. चार महिने मी विलासला त्या ठिपक्यापर्यंत ढकलत होतो आणि दर दुरुस्तीनंतर ठिपका आणखी बारीक होऊन माझ्याच पायाशी येऊन बसत होता. कंपनीनं माझं कौतुक केलं. इतकं अचूक काम या खोलीत कोणी केलेलं नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी उठून आभार मानले.

मग एका फोनवर आई सहज म्हणाली, विलासच्या बायकोनं पोरांना घेऊन माहेर धरलंय, तो रिक्षात झोपतो. पुढच्या शिमग्याला मी सॅकमध्ये चार स्पीकर घालून गावी गेलो.

पोलिसांच्या देखत दोन्ही वाड्यांची बैठक सहाणेवरच बोलावली होती, पालखीचं काय करायचं ते ठरवायला. मी चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले आणि म्हटलं, आधी एक ऐका. इथं मी पुन्हा एक चूक केली. आवाज जरा जास्तच चांगला लागला.

ढोल सुरू झाला तेव्हा माणसं सावरून बसली. मग शिव्या सुरू झाल्या, आणि त्या ज्या दिशेनं त्या दिवशी आल्या होत्या त्याच दिशेनं आल्या. तात्या गेल्या वर्षी वारले होते. त्यांचा आवाज त्यांच्या नेहमीच्या जागेवरून खणखणीत उठला तशी काकीनं पदर डोक्यावर घेतला. खालच्या वाडीच्या एका म्हाताऱ्यानं त्या मेलेल्या माणसाला उलटी शिवी दिली. दुसरा उभा राहिला. सहा वर्षांपूर्वीच्या काठ्या चहूबाजूंनी वाजत होत्या आणि आज बसलेली माणसं हातात घ्यायला चिरे शोधत होती. पोलिसानं माझ्याकडे धाव घेतली, विलासनं एक स्पीकर लाथेनं उडवला. उरलेल्या तीन स्पीकरमधून माझा आवाज आला, आणि मग 'टण्ण', आणि दादाची किंकाळी. मी बंद केलं.

"तो दांडा माझा होता," मी म्हटलं. "विलास तिकडं होता. पालखीही मीच अडवली होती."

दादा उजवा कान पुढं करून ऐकत होता. त्याला एकाच कानानं ऐकू येत असल्यानं कुठला आवाज कुठून येतो हे कळतच नाही, माझी सगळी कारागिरी त्याच्यापुढं फुकट.

"परत लाव," तो म्हणाला.

मी लावलं.

"परत."

तिसऱ्या वेळी 'टण्ण' झाल्यावर तो उठला आणि माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी सहाणेवरून खाली गेलो. मग त्यानं मला उठवलं आणि दुसरी दिली. बाबा बघत होते. मधे पडले नाहीत. तिसऱ्यासाठी हात उचलला तेव्हा पोलिसानंच धरला.

विलास माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. "तुला हाणावासा लय वाटता मला," तो म्हणाला. "पण हाणला तर परत माझ्यावरच केस. हिथं सांगितलास तसा कोर्टात सांग."

मी सांगितलं. दादा तक्रार मागं घ्यायला गेला, तर ती आता त्याच्या हातात नव्हती. बऱ्याच तारखांनंतर विलास सुटला. त्या दिवशी तो कोर्टाच्या पायऱ्या उतरला तो आमच्याकडे न पाहताच. दोहाला आता त्याच्या वयाचा क्रेनवाला नको आहे. पोलिसांचा दाखला आता मिळाला, तो रिक्षाच्या डिकीत ठेवून हिंडतो, असं ऐकतो.

आता केसमध्ये फिर्यादी दादा आणि आरोपी मी. बंगळुरूत लोक विचारतात, गावाला कधी? मी कोर्टानं दिलेली तारीख सांगतो. त्या दिवशी फिर्यादी आणि आरोपी रत्नागिरीहून एकाच एसटीनं, एकाच सीटवर बसून घरी येतात. वाटेत दादा बोलत नाही. मागच्या खेपेला मी त्याच्या डाव्या बाजूला बसलो होतो. हातखंब्याला गाडी थांबली तशी त्यानं मला दंडाला धरून उठवलं आणि उजवीकडे बसवलं. "पुढच्या तारखेला काय बोलणार हायस ते आधी मला सांग," तो म्हणाला. "तिथं वकिलाला सांगतोस ते मला नीट कळत नाय."

मी सांगायला लागलो. पालीपर्यंत पुरलं.

एरवी मी सुट्टीला यायचो तेव्हा आई सुरमईचा मधला तुकडा माझ्या पानात वाढायची, पाहुण्याला वाढतात तसा. त्या दिवशी तिनं दोन पानं घेतली. मधला तुकडा दादाला वाढला आणि माझ्या पुढ्यात शेपटी टाकली, घरच्या माणसाला टाकतात तशी. बाबा पलीकडे बसून जेवत होते. त्यांनी मान वर न करता आमटीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

शेपटीत काटे फार असतात. मी सावकाश जेवलो.