करप्यावर माया करणाऱ्या मावशी

स्वतःच्या हातानं वाढवलेली रोपं मेली की समाधानानं चहा पिणारी बाई जगात एकच असेल, आणि ती चिंचवडला आमच्या घरात राहते. माझ्या बायकोची मावशी. उभी हयात भात संशोधन केंद्रात रोपांची देखभाल करण्यात गेली. निवृत्त होऊन आमच्याकडे आल्या त्या रंगाच्या रिकाम्या बादल्या घेऊनच. ध्यास एकच: आंबेमोहोराचा वास तसाच राहावा, पण त्याला करपा लागू नये. करपा म्हणजे भाताच्या पानांवर डोळ्यासारखे ठिपके पाडून रोप जाळणारी बुरशी. म्हणून मावशी आंबेमोहोराचा एका दणकट, बेचव भाताशी संकर करतात आणि त्याच्या पोरांना मुद्दाम करपा लावतात. अंगचं चिवट कोण ते कळावं म्हणून. रोगट पानं मावळातल्या शेतांतून जेवणाच्या डब्यात भरून आणतात. बुरशीला दमट हवा लागते, तेव्हा लागण केलेली रोपं ओलं गोणपाट पांघरून दोन दिवस आमच्या बाथरूममध्ये मुक्काम करतात, आणि मी चाकणला कंपनीत जाऊन आंघोळ करतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा कळवळून सांगितलं, "मावशी, गच्चीतली तुमची रोपं मरतायत." मावशी म्हणाल्या, "मरू द्या की, त्याच्यासाठीच लावल्यात. औषधावर जगल्यालं काय कामाचं?"

मागच्या वर्षी मात्र एकजात सगळी मेली. त्या दिवशी चहा तसाच गार झाला. मी लातूरकडचा, ज्वारीवर वाढलेला. भातातलं मला काही कळत नाही, पण ते बघवलं नाही. यंदा लागण करून मावशी गावी लग्नाला गेल्या, तेव्हा मी बुरशीचं औषध आणलं आणि ठिपके पडायच्या आत सगळ्या बादल्यांवर फवारलं. आठवड्यानं त्या परतल्या तर रोपं हिरवीगार. बराच वेळ वाकून बघत राहिल्या, मग खाली गेल्या आणि पेढे घेऊन आल्या. पेढे तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचले तेव्हा माझा धीर सुटला.

"मावशी, मी औषध मारलंय."

"ठावं हाय. शेवटच्या बादलीत साधा आंबेमोहोर असतोय, लागण झाली का न्हाई ते कळाया. त्यो मरतोच. त्यो बी हिरवा दिसला तवाच समजलं."

"मग पेढे कशाचे?"

"माझी रोपं मरताना बघून हसणारे लई भेटले, जावईबापू. वाचवाया कुणी आलं न्हवतं."

मग पुन्हा पेरणी झाली, पुन्हा लागण झाली. मी औषधाकडे बघितलंही नाही. तीन रोपं उरली. "जिंकलात की," मी म्हणालो. त्यांनी एका पानावरून बोट फिरवलं.

"करपा बी शिकतोय. चार-सहा वर्सांनी यांना बी गाठंल."

"मग?"

"मग काय. तवर वासाचा भात खाऊ. पुढच्या करप्याला पुढची मावशी बघंल."