काकांची पाठ आणि सगळ्यांच्या गोळ्या

माझे काका ग्वाल्हेरला दर्पण कॉलनीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहतात. दसऱ्याच्या दिवशी मात्र ते सरदार असतात. आमचे कोणी पूर्वज इथल्या दरबारात होते. तिथे ते नेमकं काय करत, याबद्दल घरात मतभेद आहेत. काकांच्या मते ते सल्ला देत. माझ्या वडिलांच्या मते ते पंखा हलवणाऱ्यांवर देखरेख करत. काही असो, दसऱ्याला काका अंगरखा घालतात, पगडी पिशवीत घालून स्कूटरच्या हुकाला अडकवतात आणि गोरखीच्या जुन्या राजवाड्यात पूजेला जातात.

तिथे महाराजांना कमरेत वाकून मुजरा करायचा असतो. गेल्या दसऱ्याला काका वाकले आणि वाकलेलेच राहिले. आजूबाजूच्यांना वाटलं, काय ही निष्ठा. बराच वेळ झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि दोघांनी त्यांना त्याच कोनात ऑटोत बसवलं.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाठीचे स्नायू आखडलेत. ते सैल करणारी गोळी दिली. प्रकरण तिथेच संपायचं. पण ग्वाल्हेरच्या आमच्या मंडळींत आजाऱ्याकडे नुसती केळी घेऊन जाणं जरा कोरडं समजतात. आपल्या घरात उरलेलं औषध न्यायचं, त्याला खरी आपुलकी म्हणतात. आणि पाठ तर प्रत्येकाची कधी ना कधी धरलेलीच असते. काकांच्या बिर्ला नगरच्या मावसबहिणीने अर्धी स्ट्रिप आणली, काकूंच्या भावाने पाकिटातून सुट्या गोळ्या काढल्या, वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक तर आख्खा डबाच घेऊन आले.

काकांचा शिष्टाचार असा की प्रेमाने दिलेलं नाकारायचं नाही, आणि देणाऱ्याच्या समोरच घ्यायचं. विड्याच्या पानाला हा नियम ठीक आहे. काकूंनी एकदा हटकलं, तर म्हणाले, "अगं, माणूस एवढे जिने चढून आला."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो तेव्हा काका पलंगावर मऊ पडले होते. बोलणं जड झालेलं, चेहऱ्यावर मंद हसू. भेटायला आलेले खूश होते. मावसबहीण म्हणाली, "बघ, कसा आराम पडलाय. माझ्या गोळीचा असर आहे." त्यावर प्राध्यापकांनी तो असर आपल्या गोळीचा असल्याचं सौम्यपणे सुचवलं.

मग प्राध्यापकांनी गप्पांच्या ओघात सांगितलं की त्यांच्या वाचनात आलंय, आमचे पूर्वज बहुधा मुदपाकखान्यात होते. एवढ्यावर काका एरवी अर्धा तास बोलले असते, भिंतीवरची तलवार काढून दाखवली असती. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काका हसतच राहिले.

काकूंनी चहाचा ट्रे खाली ठेवला. त्यांनी काकांचा हात उचलून सोडला. तो ओल्या टॉवेलसारखा पडला. मग त्या मला म्हणाल्या, "यांनी हे ऐकून घेतलं. गाडी काढ."

रुग्णालयात पोचेपर्यंत काका हाकेला ओ देईनासे झाले होते. मी उशाखालच्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून नेल्या होत्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्या टेबलावर पसरल्या, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "ये सब इन्होंने खाई हैं? नाम अलग-अलग हैं, दवा एक ही है."

पुढचं त्यांनी शांतपणे समजावलं. हे औषध पाठीपुरतं थांबत नाही. जास्त झालं की मेंदू मंदावतो, रक्तदाब उतरतो आणि श्वासही सैल पडतो. त्यावर उतारा असा नाही; शरीरातून ते उतरेपर्यंत श्वास सांभाळायचा, आणि तो थकलाच तर यंत्र लावायचं. काकूंनी फक्त एवढंच विचारलं, की श्वास थकलाय हे कळतं कसं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छाती देखते रहते हैं, अम्मा."

मग काकूही बघत राहिल्या. आयसीयूच्या काचेतून काकांची छाती वर यायची, खाली जायची आणि मग इतका वेळ तशीच राहायची की काकू माझं मनगट धरायच्या. मावसबहीण आणि प्राध्यापक बाकावर शेजारी शेजारी बसले होते. असर कोणाच्या गोळीचा, हा वाद दोघांनीही सोडून दिला होता.

यंत्र लावावं लागलं नाही. हळूहळू श्वासांमधलं अंतर कमी झालं, दुसऱ्या दिवशी काकांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पाठ अजून दुखत होती. ते सांगताना त्यांना थोडा अभिमान वाटत असावा.

आता ते घरी आहेत. जेवण झाल्यावर झोपतात, आणि काकू पलंगाशी खुर्ची ओढून भाजी निवडत बसतात. निवडतात कमी, त्यांच्या छातीकडे बघतात जास्त. परवा मी गेलो तेव्हा असंच चाललं होतं. एक श्वास जरा लांबला आणि काकूंचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. काकांचे डोळे मिटलेलेच होते.

"आहे मी," ते म्हणाले, "निवड तू."