तिसऱ्या लायनरची रिंग

तापलेल्या तेलात कूलंट मिसळले की एक वास येतो — गोडसर, ओशट, गुऱ्हाळाच्या कढईशेजारी कोणी कंदील सांडावा तसा. तो वास माझ्या नाकात आजही जसाच्या तसा आहे. त्याच्यामागे जे दडले आहे ते मात्र मी आजवर कोणालाच सांगितलेले नाही. नवऱ्याला नाही, भावालाही नाही. मग तुम्हाला का? — तुम्ही माझ्या अण्णांना ओळखत नाही, म्हणून असेल.

आमचे गॅरेज बाळकुमला आहे, नव्या इमारतींच्या सावलीत. दुपारपर्यंत डिझेलचा वास आणि दुपारनंतर शेजारच्या घरात तळल्या जाणाऱ्या बोंबलांचा. ते अण्णांनी, माझ्या वडिलांनी, उभे केले. मी कविता हा विषय घेऊन एम. ए. झाले आणि काही दिवसांपुरती म्हणून तिथे जाऊन बसले — ती पुन्हा उठलेच नाही. लोकांना यात विसंगती दिसते. मला कधी दिसली नाही. चार सिलिंडरांचे इंजिन म्हणजे माझ्या लेखी चार चरण. एक, तीन, चार, दोन या क्रमाने ते पेटत जातात, आणि त्यातला एखादा मात्रेला चुकला तर मला तो शटरच्या बाहेरून ऐकू येतो. ही बढाई वाटेल — वाटू दे. माझ्या नाकाचा, कानांचा, बोटांचा मला अभिमान आहे, आणि तो वगळून मला ही गोष्ट सांगता येणार नाही.

कल्याणच्या बाजारातून ठाण्याला फुले आणणाऱ्या दिनूकाकांच्या टेम्पोचे ते इंजिन. नवरात्राच्या तोंडावर आम्ही ते पूर्ण उघडून पुन्हा बांधले. पिस्टन ज्या लोखंडी नळीत वरखाली होतो तिला लायनर म्हणतात. तिच्या बाहेरून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे हिरवे पाणी, खेळते, आणि तळाशी बसवलेल्या रबरी रिंगा त्याला खालच्या तेलात उतरू देत नाहीत. आमच्याकडे एक रीत होती: लायनर जो बसवील, त्यानेच त्याच्या रिंगांना आपल्या बोटाने साबणाचे पाणी लावायचे, दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही. पहिला आणि दुसरा लायनर अण्णांनी बसवला. तिसरा आणि चौथा मी. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता, पण त्यांचे अंगठे अजून सारे पाहत होते.

इंजिन सुरू झाले तेव्हा त्याचा सूर इतका निर्मळ होता की मी नुसती ऐकत उभी राहिले.

आठवडाही झाला नसेल, दिनूकाका टेम्पो घेऊन परत आले. रेडिएटरमधले पाणी आटत होते, पण जमिनीवर थेंब नव्हता. मी तेल मोजायची गेजची काडी ओढली. तेल वाढलेले — आणि दुधाळ.

दिनूकाका वाकून बघत म्हणाले, "काय गं पोरी, हे ऑईल आहे का चहा? आलं तरी टाकायचंस."

गॅरेजमधले सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. आपण बांधलेले इंजिन आजारी होऊन दारात परत यावे, हे त्यांच्या आयुष्यात क्वचितच घडले असेल. कोणाचा हात चुकला, एवढे एकच त्यांना कळायला हवे होते. ते फडक्याला हात पुसत राहिले, हात स्वच्छ असूनही.

इथून पुढचे मी सावकाश सांगते, कारण मला ते सांगायला आवडते — हेही कबूल करायलाच हवे. धूर पांढरा नव्हता. रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. म्हणजे वरचे गॅस्केट बहुधा शाबूत होते आणि पाणी खालूनच वाट काढत होते. मी तेल काढले, तळाचा चेंबर उतरवला आणि टॉर्च घेऊन टेम्पोखाली सरपटत गेले. अण्णा वर रेडिएटरला हातपंप लावून दाब देत होते. मग आम्ही थांबलो. तेलाचा थेंब जड असतो, आळशी. तो लोंबतो, विचार करतो, मग सुटतो. कूलंटचा थेंब चपळ. मी श्वास रोखून पाहत होते — आणि एका लायनरच्या ओठावर हिरवा मणी फुगला, थरथरला, आणि माझ्या गालावर पडला. थंडगार.

तो तिसरा लायनर होता.

मला धक्का बसला, असे लिहिले तर ते खोटे होईल. मला ठाऊक होते. तिसरा लायनर आत दाबताना एक आवाज आला होता — कोवळ्या भेंडीचे टोक मोडावे इतका बारीक. रिंग खाचेत पिळली गेली होती आणि लोखंडाच्या धारेवर कापली गेली होती. शटरच्या बाहेरून इंजिनाची मात्रा ओळखणारी मी — मला तो ऐकू आला नसेल का? आला होता. पण अण्णा शेजारीच उभे होते, आणि लायनर बाहेर ओढणे म्हणजे त्यांच्यादेखत चुकणे. मी मनाशी म्हटले, बसतानाचा आवाज असेल. आणि दाबून टाकला — लायनर, आणि तो आवाजही.

वरून अण्णांनी विचारले, "कितवा गं?"

टेम्पोखाली मी एकटी होते. ते वाकू शकत नव्हते, वाकले असते तरी त्यांना दिसले नसते. माझे डोळे हेच त्यांचे डोळे होते.

"दुसरा," मी म्हणाले.

चारही लायनर काढून सगळ्या रिंगा बदलू, असेही मी म्हणाले. कोणताही चांगला कारागीर तेच म्हणाला असता. तिसऱ्याची कापलेली रिंग मी तळहातावर घेतली आणि दुसऱ्याची म्हणून अण्णांच्या हातात ठेवली. त्या सगळ्या सारख्याच असतात. कोणती कोणाच्या हातची, हे त्यांच्यावर लिहिलेले नसते. अण्णांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. चीर सापडली. पुन्हा फिरवला. पुन्हा.

दिनूकाका प्रेमानेच म्हणाले, "अण्णा, हात म्हातारा झाला तुमचा. आता खुर्चीत बसा नि पोरीला हुकूम सोडा."

तेव्हा बोलायला वेळ नव्हता का? भरपूर होता. मी साबण लावून हात धुतले.

कारणे माझ्याजवळ आहेत. त्यांतली काही चांगलीही आहेत — म्हणूनच ती इथे लिहीत नाही.

ते इंजिन आजही उत्तम चालते. अण्णांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आता त्यांना सुईत दोरा ओवता येतो; पण पान्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ते टिटवाळ्याला माझ्या भावाकडे असतात, आणि घरी कोणी आले की ही हकीकत स्वतःच सांगतात: रिंग माझ्या हातून कापली गेली, आणि हिनं नुसत्या थेंबावरून पकडली. अशा वेळी मी मान खाली घालते, असे तुम्हाला वाटेल. मी घालत नाही. मी ताठ बसते. थेंबावरून केलेले ते निदान खरोखरच सुंदर होते, आणि त्यांच्या तोंडून ते ऐकताना माझी छाती भरून येते — दर वेळी, अगदी दर वेळी. खोटे बोलल्याच्या कबुलीहून हे सांगणे मला अधिक कठीण गेले.

त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे सगळी हत्यारे रॉकेलने धुऊन पाटावर मांडली. हळदकुंकू, दिनूकाकांनी आणलेला झेंडू. पूजेनंतर दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी शिवायचे नाही, आणि सकाळी ज्याने त्याने आपापली उचलायची. सकाळी मी माझी उचलली. अण्णांनी आपली उचलली नाहीत. मग सगळे पाने एका स्वच्छ फडक्यात बांधून त्यांनी माझ्यापुढे धरले. मी ते दोन्ही हातांनी घेतले. जन्मभर मला नावाने हाक मारणारा तो माणूस माझ्या वाटेतून एक पाऊल बाजूला झाला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाला —

"उस्ताद."