ट्रेनरबाईंनी पाहिलेली स्थळं

रस्त्यात ओळखीची बाई भेटली की आमच्या ट्रेनरबाई आधी तिचे दोन्ही खांदे धरून खाली दाबायच्या. "कानाले काहून लावून ठेवले?" विचारपूस त्यानंतर. भाजीवालीपासून माझ्या सासूबाईंपर्यंत कुणी सुटलं नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या जिममध्ये सकाळची बायकांची बॅच त्यांची. एकेकाळच्या कबड्डीपटू. आवाज असा, की मोर्णा नदीपलीकडच्या माणसानं अंथरुणातून उठून बैठका मारायला लागावं. पण ट्रेनर असल्याचा कागद एकही नाही. शेवटी जिमच्या मालकानं सांगितलं, दिवाळीपर्यंत सर्टिफिकेट आणा, नाहीतर बॅच दुसरीला.

झालं! आम्ही साऱ्या जणी कोर्स शोधायला बसलो. आणि तुम्हाला सांगते, आम्हाला शोधायची एकच रीत येते: स्थळ पाहायची. माझ्या घरी बैठक भरली. कच्चा चिवडा कालवला. एक कोर्स घरबसल्या दोन दिवसांत सर्टिफिकेट देणारा. देखणं स्थळ, मागणी काही नाही. आम्ही एकमतानं पसंत केलं. दुसरा पुरता इंग्रजीत. तिसरा अमरावतीचा: दर शनिवार-रविवार हजेरी, शरीरशास्त्राचा पेपर, वर परीक्षकांसमोर जिवंत माणसाला व्यायाम शिकवून दाखवायचा. संपणार थेट दिवाळीनंतर. त्याला आम्ही चिवड्यातल्या खड्यासारखं बाजूला काढलं.

ट्रेनरबाईंनी तिघांनाही फोन लावले, स्पीकरवर. प्रश्न एकच. "माह्या बॅचमंधी एका काकूचा गुडघा दुखते. तिले काय करायले लावू?"

पहिला म्हणाला, आधी फी भरा, मग सगळं कळेल. दुसऱ्यानं वेबसाइट पाहायला सांगितली. अमरावतीच्या मॅडम म्हणाल्या, काकूंना आधी डॉक्टरकडे न्या. मग मला त्यांना चालताना पाहावं लागेल, त्याशिवाय कसं सांगू?

ट्रेनरबाईंनी चिवड्याचा बकाणा भरला. "पक्कं. हेच."

आम्ही गिल्ला केला. मी म्हटलं, "ताई, बॅच जाईल. आधी ते दोन दिवसांचं घ्या, मंग हे करा."

"वयनी, ज्याले काकूच्या गुडघ्याचं काही पडलं नाही, त्याचा कागद मी भिंतीवर लावू काय?"

बॅच गेली. दिवाळीनंतर नवी ट्रेनर आली, आमच्या त्या देखण्या स्थळाचंच सर्टिफिकेट घेऊन. आम्ही तिच्याकडे पाहायचो आणि एकमेकींकडे पाहायचं टाळायचो.

परीक्षेला जिवंत माणूस म्हणून ट्रेनरबाईंनी मला नेलं. अंगचोरांत मी पहिली; मला वाकवलं की जग वाकवलं, असं त्यांचं मत. तिथं चार परकी माणसं पाहताहेत म्हटल्यावर माझ्यातली नटी जागी झाली आणि मी सगळ्यांत जाड डंबेलला हात घातला.

"ठेवा ते," त्या हळूच म्हणाल्या. इतक्या हळू त्या कधी बोलल्याच नव्हत्या. मी ठेवलं. परीक्षक हसले.

पास! अमरावतीच्या एका जिमनं लगेच कामावर घेतलं आणि त्यांचं बिऱ्हाडही तिकडे गेलं.

एका रविवारी आम्हाला राहवेना. साऱ्या जणी अमरावतीची एसटी धरून थेट त्या जिमच्या दारात. आत अमरावतीच्या बायका रांगेत बैठका मारताहेत, समोर ट्रेनरबाई, नवा कोरा टी-शर्ट, मोजणी जोरात. आम्ही दिसलो आणि सहानंतर पुन्हा सहाच आला. एक बाई बसली ती तशीच बसून राहिली.

ट्रेनरबाईंनी तोंड आरशाकडे फिरवलं.

"मांगं उभ्या राहा. उशीर केला तुमी."