पांढरी चारमधलं मेंडोलिन

सकाळी ज्वारी निवडत बसले होते तेव्हा फोन वाजला. पलीकडे शकूवहिनी होत्या. "वन्सं, तुमी निघा. ह्ये गेले..." एवढंच बोलल्या. मागे कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं, वहिनींचा आवाज मात्र कोरडा होता. माझा थोरला भाऊ, आण्णा, अंघोळ करून बाहेर आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपला होता. अंबाजोगाईहून परळीला जाणारी एसटी घाट उतरत होती आणि मी खिडकीबाहेर बघत स्वतःला सांगत होते की वहिनींचं काहीतरी चुकलं असेल, चक्कर आली असेल. घरी पोहोचले तर बाहेरच्या खोलीतलं सामान हलवून जागा केली होती. भावकीतल्या कुणीतरी मेंडोलिनची पेटी उचलून माळ्यावर टाकायला घेतली. वहिनी भिंतीशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "वर नका ठेवू. पत्रा तापतो तिथं." पेटी मग आतल्या खोलीत पलंगावर ठेवली गेली.

आमचं गाव घाटनांदूर. शेती होती, घरात गाणं होतं ते आईचं, पण वाद्य म्हणून एक टाळांची जोडी तेवढी. आण्णा अंबाजोगाईला शिकायला होता तेव्हा त्याच्या खोलीशेजारी एक वयस्कर मास्तर राहायचे. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादहून एक इटालियन मेंडोलिन आणलेलं होतं. पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी गोल, पातळ फाका एकमेकींना चिकटवून केलेली. चार जोड्या, म्हणजे आठ तारा. आण्णा रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. मास्तर मुलाकडे कायमचे राहायला निघाले तेव्हा त्यांनी ते वाद्य आण्णाच्या हातात दिलं. "हे माझ्यापेक्षाही म्हातारं आहे. जपून वाजव," असं त्यांनी सांगितल्याचं आण्णा सांगायचा. पण विशीतल्या माणसाला जपून वाजवणं म्हणजे काय ते कळत नाही.

पुढे त्याला परळीच्या थर्मल वीजकेंद्रात, दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. कॉलनीतल्या गणपतीत ऑर्केस्ट्रा असायचा, त्यात हा मेंडोलिन घेऊन उभा राहायचा. ढोलक, बाजा, ड्रम या सगळ्यांत त्याचा आवाज बुडून जायचा. मित्र म्हणायचे, "मधू, तुझं नुसतं हात हालवणं दिसतं बे, ऐकू तर कायच येत न्हाई." हे त्याला लागलं. त्याने सगळ्यात जाड तारा आणून चढवल्या. आवाज दणदणीत झाला. त्या वर्षी मी कार्यक्रमाला गेले होते, शेवटच्या रांगेपर्यंत मेंडोलिन ऐकू येत होतं आणि आण्णाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही दिसतो. काही महिन्यांत मात्र तारा खाली येऊन दांडीवरच्या पट्टीला घासू लागल्या, सूर लागेना. बघतो तर ज्या घोडीवरून तारा जातात, तिच्याखालची फळी खचत चालली होती आणि एक बारीक चीर कडेपर्यंत गेली होती.

ते वाद्य मांडीवर घेऊन तो मिरजेला गेला. तिथल्या कारागिराने आतून टेकू देऊन फळी वर घेतली, चीर सांधली आणि त्याला समजावलं की आजच्या जाड तारा आजच्या वाद्यांसाठी असतात. हे नाजूक लाकूड आहे, मोठा आवाज हवा असेल तर दुसरं वाद्य घ्या. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. सगळ्यात बारीक तार नऊची की अकराची, यावरून त्या सेटला ओळखतात. आकडा वाढला की तार जाड. नऊ आणि अकरामधला फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण त्याच सुरात लावल्यावर आठही तारा मिळून फळीला जे ओढतात, ते दीडपट होतं. आण्णाने नऊचा सेट चढवला. आवाज मऊ झाला, जवळ बसलेल्यालाच ऐकू जाईल एवढा. ऑर्केस्ट्रा आपोआप सुटला. मी एकदा विचारलं, "वाईट न्हाई वाटत?" तो म्हणाला, "वाटतं की. पर ह्येला फोडून वाजवण्यात काय मजा हाय?"

त्यानंतर तो वाजवायचा ते माझ्यासोबत. मी गायची, शिकले होते असं नाही, आईकडून कानाला लागलेल्या गवळणी आणि भजनं. माझा सूर पांढरी पाच, म्हणजे बाजाच्या पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, आणि मेंडोलिनची सगळ्यात खालची जोडी नेमकी पांढरी पाचमध्ये लागते. म्हणजे ती जोडी माझा सा आणि तिच्या वरची जोडी माझा प. आण्णा चाल वाजवता वाजवता मधे मधे या मोकळ्या तारा छेडायचा, आणि तंबोऱ्यासोबत बसल्यासारखं वाटायचं. श्रावणी सोमवारी वैजनाथाचं दर्शन घेऊन यायचं आणि दुपारी त्याच्या घरी बसायचं, असं कित्येक वर्षं चाललं. वहिनी चहा करून द्यायच्या आणि "झालं का तुमचं टिणटिण?" म्हणायच्या. एकदा कपिलधारला गेलो असताना त्याने मेंडोलिन सोबत घेतलं. धबधब्याच्या आवाजात त्याला स्वतःलाही काही ऐकू येईना, तरी हा वाजवतोय. पोरं हसायला लागली. त्यानेच मग हसत पेटी बंद केली.

माझ्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा हे सगळं थांबलं. गाठ साधी निघाली, डॉक्टरांनी आवाजाबद्दल आधी सांगितलंही होतं. पण बरं झाल्यावर मी देवासमोर तोंड उघडलं आणि जो आवाज निघाला तो माझा नव्हता. खाली गेलेला, खरखरीत. वरचे सूर नुसता वारा. मी गाणं बंद केलं. श्रावणात परळीला जायचं टाळू लागले. आण्णाचा फोन आला की शेतीचं, पोरांचं बोलायचं. त्याने गाण्याचा विषय काढला तर मी फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची. घरातल्यांना वाटलं मी सावरले. मी स्वयंपाकघरात एकटी असले की मात्र रडू यायचं, आणि रडतानाचाही आवाज परका वाटायचा.

त्या काळात आण्णा घरी काय करत होता ते मला नंतर वहिनींनी सांगितलं. त्याने आधी नऊच्याच तारांचा सूर खाली उतरवून पाहिला. बारीक तार खाली उतरवली की ढिली पडते, भुरभुरते, दाबली की बेसूर होते. मग अकराचा सेट आणून त्याच खालच्या सुरात लावला. वर्कशॉपमधली एक पोलादी पट्टी होती त्याच्याकडे. ती फळीवर आडवी धरून तो खालून उजेड दिसतो का ते बघायचा. अकराच्या तारांनी उजेड दिसू लागला, म्हणजे फळी दबत होती. वहिनी चिडल्या. "एकदा फोडून झालं, आता पुन्ना कावून?" त्याने त्याच दिवशी तारा काढल्या. राहिला दहाचा सेट. तो लातुरातही मिळेना. शेवटी त्याच्या मुलीने पुण्याहून पाठवला. तो चढवून, सूर खाली ठेवून, त्याने बरेच दिवस नुसतं पट्टी लावून बघण्यात घालवले. तारा थोड्या जाड, सूर थोडा खाली, त्यामुळे लाकडावरची ओढ जवळपास पहिल्याएवढीच राहिली होती. फळी हलली नाही.

आणि एक दिवस तो न कळवता अंबाजोगाईला माझ्या दारात उभा. काखेत पेटी.

"आण्णा, मी गात न्हाई आता. ठाऊक हाय तुला."

"गाऊ नको. ऐक फक्त. तारा बदलल्यात, कशा बोलत्यात सांग. माझ्या कानाचा आता मला भरवसा न्हाई."

तो बसला, आणि खालच्या दोन जोड्या छेडल्या. पूर्वीपेक्षा भरीव, शांत आवाज होता. मी म्हटलं, "हे खाली लावलंस."

"व्हय. पांढरी चार."

"कावून?"

तो खुंटीकडे बघत होता. "तुझा सूर तिथं हाय. दिवाळीला आमच्याकडं करंज्या लाटताना गुणगुणत हुतीस. तुला कळलंबी न्हाई. मी बाजाच्या पेटीवर बघून घेतलं."

मला राग आला. का आला ते नीट सांगता येत नाही... चोरून ऐकल्याचा, की त्याने माझी हार मोजून आणली असं वाटलं म्हणून. मी म्हटलं, "मग बोटं सरकवून वाजवायचं. त्यापायी तारा बदलायच्या?"

"मोकळ्या तारा तुझ्या सुरात वाजाय पायजेत मालन. न्हाईतर तू एकीकडं अन् मी एकीकडं."

मी आत गेले. चहा ठेवला. तो बाहेर आईच्या गवळणीची चाल वाजवत राहिला, अगदी हळू, ओळ संपली की मोकळ्या तारा छेडून थांबायचा, जणू कुणाची तरी वाट बघतोय. चहा उतू गेला. गॅस बंद करून मी तिथेच ओट्याला टेकून पहिली ओळ म्हटली. अंतऱ्याला आवाज फाटला. पण खालचे सूर... खालचे सूर लागत होते. जाडसर, पण माझे. मी बाहेर आले तेव्हा त्याने मान वर केली नाही. गवळण पूर्ण झाल्यावर त्याने खिशातून पट्टी काढली, फळीवर धरली, उजेडाकडे करून बघितली आणि म्हणाला, "हाय तशी हाय."

नंतरचे सगळे श्रावण आम्ही पांढरी चारमध्ये गायलो. त्याचे मित्र म्हणायचे, पूर्वीपेक्षा आत्ता बरं वाटतं ऐकायला. ते माझं मन राखायला असेल. मी विचारायला गेले नाही.

तेरावं झालं, पाहुणे गेले. वाजवणारा राहिला नाही तर तारा सैल करून ठेवाव्यात, लाकडाला आराम मिळतो, असं आण्णाच्या एका मित्राने सांगितलं. ते खरंच आहे. वहिनींनी ऐकून घेतलं आणि काहीच केलं नाही. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, "वन्सं, सोमवारी या."

गेले. आम्ही दोघीच. वहिनींनी पलंगावरची पेटी उघडली, मेंडोलिन काढलं आणि, ज्या बाईने एवढ्या संसारात त्या वाद्याला पुसण्यापलीकडे हात लावला नव्हता, ती ते मांडीवर घेऊन बसली. उलटं धरलं होतं, मी फिरवून दिलं.

"मला कायबी येत न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्या जाड दोन जोड्या तेवढ्या वाजवल्या तर चालतंय ना? ह्ये म्हनायचे, तेवढ्यावरबी वन्सं गातेत."

सूर थोडा उतरला होता. मी खुंट्या पिळून कानाने लावून घेतला. वहिनींच्या बोटांतून तार छेडायची नखी निसटत होती, ठोका एक मोठा, एक लहान पडत होता. त्यांचं लक्ष तारांकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं. मी श्वास कुठे घेते ते बघून त्या छेडत होत्या. मी सा लावला.

आता सोमवारी सकाळची परळीची एसटी धरते. वहिनींचा ठोका बराच सुधारलाय. चहा मी करते.